चोरांची वेळ

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. आडनाव विचारलं नाही, मच्छी चालते का विचारलं नाही, लग्न कधी करणार हेसुद्धा नाही.

"फुलं आवडतात काय?"

मी म्हटलं, "हो, खूप."

आतून एका बाईचा आवाज आला, "झालं! गेली खोली."

मी मुकाट्यानं चपलेत पाय घालायला लागले, तर ते म्हणाले, "थांब गं. खरं बोललीस म्हणून देतो. पण इथं फुलं नाय हां. पानं हायेत. पानांवर भागवायचं."

ते आमचे काका. आमचे म्हणजे सगळ्यांचेच. तारापूरजवळच्या पाम गावातल्या त्या आळीत त्यांना नावानं हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही, म्हणून मीही नाव सांगत नाही. आतला आवाज काकींचा. मी सांगोल्याकडची, रसायनशास्त्र शिकलेली, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नवीन लागलेली. काम काय, तर बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं. दिवसभर पाण्यातले क्षार मोजायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी अब्रू गेली ती या नोकरीमुळे दुप्पट गेली.

घरापुढचं अंगण दोन टेम्पो उभे राहतील एवढं. त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाचे रिकामे डबे, कापलेले कॅन, फुटका माठ, काकींचं चिरलेलं घंगाळ, सगळ्यात माती आणि मातीत पानंच पानं. लांबुडकी, गोल, दातेरी, सुपाएवढी, नखाएवढी. पांढऱ्या शिंतोड्यांचा शोभेचा अळू, पिवळ्या शिरांचे क्रोटन, भिंतभर चढलेला मनीप्लँट, आणि एक असं झाड की ज्याचं पान वरून हिरवं आणि खालून वांग्याच्या रंगाचं. नुसते हिरवेच इतके प्रकारचे की आमच्या अख्ख्या तालुक्यात मिळून तेवढे निघाले नसते. पण मोगरा नाही, गुलाब नाही, साधी सदाफुलीसुद्धा नाही. काकींची एक जास्वंद होती, ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, पत्र्याच्या डब्यात, देवापुरती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी भांडून झालेला तह होता तो. काकांनी जास्वंदीकडे बघायचं नाही आणि काकींनी तिला पुढे आणायचं नाही.

एखाद्या पानाच्या झाडाला चुकून तुरा आलाच, तर काका तो नखानं खुडायचे. "फूल आलं की झाडाचं लक्ष उडतं," म्हणायचे, "मग पानं बारीक होतात. आमच्या भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा तो असाच झालेला."

आळीतल्या बायका गणपतीच्या दिवसांत फुलं मागायला आल्या की ते "फुलं बाजाराची, पानं आपली" म्हणत फाटकातूनच वाटेला लावायचे. एकदा एका आजोबांनी त्यांना कोंडीत पकडलं. "अहो, पानंही विकतात की बाजारात. विड्याची."

काका म्हणाले, "ते तोंडाचं पान. मी डोळ्याच्या पानाचं बोलतोय."

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एका संध्याकाळी सांगितलं. त्यांचं लहानपण एडवणला, मोगऱ्याच्या वाडीत गेलं. घरातली सगळी पोरं उजाडायच्या आत कळ्या खुडायला जायची. कळी मिटलेली असतानाच बाजारात जायला हवी; उमललेलं फूल म्हणजे नुकसान. "खोटं नाय सांगत," काका म्हणाले, "मिसरूड फुटेपर्यंत मी आमच्या वाडीत पुरता उमललेला मोगरा बघितला नव्हता. कुठं एखादा चुकून उमलला तर बाबा ओरडायचे. पण आयनं मोरीच्या कडेला एक पानाचं झाड लावलेलं. मधे लाल दारूच्या रंगाचं आणि काठाला हिरवी झालर. त्याला बाजारात कोणी विचारत नव्हतं. म्हणून तेवढं एक आमचं."

पुढे वाडी भावाभावांत वाटली, मग विकली. काका तारापुरात बॉयलरवर लागले आणि तीस वर्षं आगीपुढे उभे राहिले. आईचं घर सोडताना त्यांनी त्या मोरीकडची एक फांदी खिशात घालून आणली. त्या झाडाचं पुस्तकातलं नाव कोलियस. काकांच्या घरात त्याचं नाव 'आय'. "आयला पाणी घातलं काय?", "आय आज कोमेजलीय," असं ते मोठ्यानं बोलायचे. नवीन आलेलं माणूस घराच्या आत कुणी म्हातारी शोधायला लागायचं.

आता संध्याकाळचं सांगते. एप्रिल-मे महिन्यात ड्यूटी सुटून मी यायची ती अक्षरशः उकडून निघालेली. अंगाला कारखान्याचा वास, तोंडावर रस्त्याची धूळ, डोक्यात साहेबांचा आवाज. फाटक उघडलं की बाई गं, काय गारवा! काकांचं पाणी घालून झालेलं असायचं. पानांवरून थेंब गळत असायचे, ओल्या मातीचा वास आणि समुद्रावरून येणारा वारा. काका एका जुन्या बनियनच्या फडक्यानं पानांवरची काजळी पुसत असायचे, बाळाचं तोंड पुसावं तसं, दोन्ही बाजूंनी.

मग बसायचं. आणि बसायचं तेही त्यांच्या पद्धतीनं. त्या अंगणातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय त्यांनी करवतीनं कापून वीतभर ठेवले होते. का, तर "वरून बघितलं तर झाड बुटकं वाटतं. पानांच्या खाली बसायचं." एकदा ग्रामपंचायतीचे एक वजनदार सभासद आले आणि मोठ्या आत्मविश्वासानं बसले. त्यांना उठवायला तिघे लागले. पण काका म्हणायचे ते खरं होतं. त्या बुटक्या खुर्चीत बसलं की पश्चिमेचं तिरपं ऊन पानांच्या मागून यायचं आणि दिवसभर साधी दिसणारी पानं आतून पेटायची. एकेक शीर दिसायची. अळवाच्या पानातून बघितलं तर पलीकडे उडणारी माशीसुद्धा दिसायची.

"बघ, बघ," काका कुजबुजायचे, "त्यानं उजेड घेतलाय. आता पाच मिनिटं बोलू नको."

मी बोलायची नाही. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हे, पण तिथे गप्प बसायची. इतकं फुकटचं सुख मला त्याआधी मिळालेलं नव्हतं.

ऊन गेलं की शेजारपाजारचे जमायचे. चहा व्हायचा. आणि दिवेलागणीला काका खुर्चीतून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "चला, मी पाय धुवायला जातो."

ही चोरांची वेळ.

काकांचा एक कायदा होता. मागून आणलेलं झाड जगत नाही, विकत आणलेलं झाड रमत नाही. झाड चोरूनच आणायचं. तसं हे आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, पण काकांनी त्याचं शास्त्र केलं होतं. मालकाचं लक्ष नसताना न्यायचं, एकच फांदी न्यायची, पेराखाली नखानं खुडायची, शेंड्याला हात लावायचा नाही. आणि मालकाचं कर्तव्य काय, तर लक्ष नसणं. म्हणून ते दहा-दहा मिनिटं पाय धुवत बसायचे. इतके धुतलेले पाय पालघर जिल्ह्यात दुसरे नसतील. परत आले की जमलेली मंडळी साळसूदपणे आभाळाकडे बघत असायची आणि कुणाची तरी पिशवी जरा फुगलेली असायची. कुणी चुकीचं खुडलं असेल, तर दुसऱ्या दिवशी काका भिंतीला सांगायचे, "काल कोणतरी शेंड्याचा डोळाच मोडून नेला. चोराला वळण नाय."

त्यांची स्वतःची झाडं अशीच आलेली, आणि जिथून आणली त्याचं नाव झाडाला. एक 'डॉक्टर' होता, एक 'पोस्टमास्तर'. आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक उंच होता, तो 'व्याही'. त्याची कथा काकी सांगायच्या. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी वाणगावला गेली. सगळे मानपानाचं बोलतायत आणि मुलीचा बाप बैठकीतून गायब! पाच मिनिटांनी काका परत आले, ते सदऱ्याच्या खिशावर हात दाबून. मुलाकडच्यांना वाटलं, पाहुण्यांच्या छातीत दुखतंय. विहीणबाईंनी धावत जाऊन पाणी आणलं. "आणि हे," काकी म्हणायच्या, "पाणी प्यायले तेपण डाव्या हातानं. उजवा काढला असता तर फांदी बाहेर."

मला मात्र चोरी जमेना. वडील शाळामास्तर, दुसऱ्याची पेन्सिल उचलली तरी छडी. पहिल्याच उन्हाळ्यात मी सरळ विचारलं, "काका, त्या जांभळ्याची एक फांदी द्याल का, माझ्या खिडकीत लावायला?"

काकांनी असं तोंड केलं की जसं काही मी त्यांच्याकडे भाकरीचा तुकडा मागितला. "मागतेस? चांगल्या घरची पोर ना तू?"

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. बोईसरच्या नर्सरीतून एक छानसं झाड त्यांना भेट म्हणून आणलं. त्यांनी ते फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवलं. "राहू दे तिथं. कोणतरी चोरून नेऊ दे, मग ते झाड होईल." तीन आठवडे ते बिचारं तिथेच. कुणी ढुंकून बघेना. शेवटी एका दिवेलागणीला मी खिडकीतून पाहिलं, तर काका स्वतःच इकडेतिकडे बघत, पोटाशी कुंडी धरून, स्वतःच्याच फाटकातून चोरासारखे आत येत होते. त्या झाडाचं नाव त्यांनी 'सांगोला' ठेवलं.

आणि आयचं काय? आय त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, मातीच्या कुंडीत. तिला कुणी हात लावायचं नाही. तसं कुणी बजावलं नव्हतं. काकांच्या आईची आठवण म्हणून सगळ्यांनी आपण होऊन पाळलेलं. गंमत म्हणजे काकांना ते लागायचं. पाय धुऊन आले की ते आधी आयकडे बघायचे. ती तशीच्या तशी असायची. एकदा मला म्हणाले, "सगळ्यांना नेतात. आयला कोणी नेत नाय." मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी वाटलं.

आता माझी कर्तबगारी.

तिसऱ्या उन्हाळ्यात काकींच्या बहिणीकडे नाशिकला लग्न निघालं. दोघं दहा दिवस जाणार. झाडं माझ्यावर सोपवली. पामला मे महिन्यात पाण्याचे दोन प्रकार. एक बोअरचं, भांडी-कपड्यांना. दुसरं गोडं, गावातल्या विहिरीचं. काका रोज सकाळी सायकलला दोन कॅन लावून ते आणायचे आणि निळ्या पिंपात साठवायचे. जायच्या दिवशी त्यांनी मला पिंप दाखवलं. "ऊन उतरलं की यातलं, तांब्या तांब्यानं. जास्त नाय, कमी नाय. पिंप उतरलं की विहिरीवरनं आण."

मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी रविवार, मी दुपारी घरी. बघते तर काय, उन्हानं पानांच्या माना पडलेल्या. मला भडभडून आलं. दुष्काळी मुलखात वाढलेली मी. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं की पेढे वाटतात. आणि इथे बोअरला धो धो पाणी असताना म्हातारा झाडांना तांब्यानं मोजून पाजतो? कंजूषपणा नुसता! मी पाइप जोडला आणि दिलं सोडून. माती चिंब, पानं चिंब, भिंत चिंब. अंगणातून पाट वाहिला. मला इतका आनंद झाला की मी त्या पाण्यात पाय सोडून बसले. मग रोजचंच झालं. सकाळी पाइप, संध्याकाळी पाइप. आयला तर लाडानं दुपटीनं.

पाचव्या-सहाव्या दिवशी पानांचे काठ तपकिरी झाले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं. मग अळू झोपला. क्रोटनची पानं हात लावला की गळायला लागली. मातीवर पांढरी साय धरली. ती बोटावर घेतली तेव्हा ओळखली. क्षार! रोज ज्या गोष्टीसाठी मला पगार मिळतो ती मी घरी एकदाही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाटलीत ते पाणी घेऊन प्रयोगशाळेत गेले, तर मीटर बिघडलाय असं वाटून मी तो दोनदा हलवून पाहिला. समुद्र जवळ, मे महिना, बोअर पार खारट झालेला. हे त्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

उरलेले दिवस मी विहिरीवरून गोडं पाणी ओढून ओढून माती धुतली. हाताला फोड आले. काही झाडं तग धरून राहिली, बरीचशी गेली. आयच्या कुंडीत एक काळी काडी उरली.

ती दोघं परत आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. पळून जावंसं वाटत होतं, पण बसले. काकांनी पिशवी खाली ठेवली. एकेका डब्यापाशी थांबत सगळं अंगण फिरले. मग आयच्या कुंडीतली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली.

"खारट," म्हणाले.

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच वाक्य बोलले, "जे पाणी आपण बॉयलरला पाजत नाय, ते झाडाला पाजलंस?" आणि आत गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत, मला खोली सोड म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी बाहेर बसायचं सोडलं. ऊन तिरपं व्हायचं, खुर्ची रिकामी. दिवेलागणीला पाय धुवायला जातो म्हणणारं कुणी नाही. आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. चौथ्या दिवशी काकी माझ्या खोलीवर आल्या. या बाईनं जन्मभर पानांच्या नावानं बोटं मोडलेली, आणि तिचेच डोळे सुजलेले. "भांडला असता तरी चाललं असतं गं," म्हणाल्या. "हा माणूस असाच पडून राहिला तर मातीत जाईल. तूच काय ते कर आता."

"काकी, नर्सरीतून सगळं नवीन..."

"विकतचं? त्यापेक्षा मीठ परवडलं."

मग मी आळीत फिरले. ज्यांच्या ज्यांच्या पिशव्या मी फुगलेल्या पाहिल्या होत्या त्यांच्या दारात गेले. बाई गं! घराघरात आमचं अंगण वाढलेलं. डॉक्टर एका ओट्यावर, पोस्टमास्तर एका गच्चीवर, व्याही तर तीन घरांत. मी हात जोडून म्हटलं, एकेक फांदी द्या. एकानंही दिली नाही.

"मागून नाय मिळायची," पलीकडची वहिनी म्हणाली. "काकांना सांग, चोरायला या. आमी काय बघत नाय."

मी धावत जाऊन काकांना तसंच सांगितलं. मग भिंतीकडूनच आवाज आला, "वहिनीकडं पोस्टमास्तर हाय?"

"हो. चांगला कमरेएवढा."

ते उठून बसले. "पिशवी कुठंय?"

पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी माझ्या स्कुटीवर एका सत्तरीच्या चोराला मागे बसवून फिरवलं. सगळीकडे तोच सोहळा. आम्ही फाटकात दिसलो की घरातली माणसं भराभर पाठमोरी व्हायची. कुणाला एकदम गॅस आठवायचा, कुणाला फोन यायचा. मागच्या चाळीत राहणारा एक वेल्डर होता, उत्तर प्रदेशातला. त्यानं आमचा 'सांगोला' तेलाच्या डब्यात लावला होता. आम्हाला बघून तो दारात उभा राहिला, तोंड रस्त्याकडे करून. "चाचा, आराम से। हम तो बाहर देख रहे हैं।" काकांनी फांदी खुडली, पेराखाली, एकच. जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. तो मागे वळला नाही.

जूनच्या तोंडावर अंगण पुन्हा हिरवं दिसायला लागलं. काका खुर्चीत आले. पण उजव्या हाताची कुंडी रिकामी. धुऊन, नवीन माती भरून ठेवलेली, आणि रिकामी. आय कुणाकडेच नव्हती. सगळ्यांना विचारून झालं होतं.

"कोणी हातच लावला नाय तिला," काका म्हणाले. "मान राखला. मान राखून मारली."

मी मान खाली घातली. मारली होती ती मीच.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकी दारातच थबकल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "एकीनं लावला होता हात."

"कोणी?"

"विहीणबाईंनी. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला. मी ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. जाताना त्या तुमच्या खुर्चीपाशी वाकल्या. मला वाटलं, पदर सावरतायत. खिडकीच्या काचेत बघितलं तर आयची फांदी ओटीत!"

काका ताडकन उठायला गेले आणि बुटक्या खुर्चीत परत बसले. "आणि तू मला आज सांगतेस?"

"विहीणबाईंची चोरी कशी सांगू? तुमची तरी कुठं सांगितली त्यांना?"

आता पंचाईत अशी की लेकीच्या सासरी चोरी करायला कसं जायचं? बोलण्यांच्या दिवशी केली ती केली, तेव्हा नातं जुळलेलं नव्हतं. काका दोन दिवस नुसते येरझाऱ्या घालत होते. विहीणबाई कडक, हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. आणि इतक्या वर्षांत झाड मेलं असलं तर? शेवटी मीच स्कुटी काढली. आंब्याची पेटी पुढ्यात, काका मागे.

वाणगावला ढोबळी मिरचीच्या जाळीघरांच्या मधून रस्ता जातो, तिथलं घर. लेक आणि जावई कामावर गेलेले, विहीणबाई एकट्या. आंबे घेतले, चहा दिला. काका चहा पिता पिता सगळीकडे बघत होते. पुढच्या अंगणात आय नव्हती. त्यांचा चेहरा पडत चालला. हात धुवायच्या निमित्तानं ते मागे गेले, मी त्यांच्या पाठोपाठ.

मागे मोरी होती, आणि मोरीच्या कडेनं आय. एक झाड नव्हे, अख्खी ओळ. मधे दारूचा रंग, काठाला हिरवी झालर. संध्याकाळचं ऊन मागून आलं होतं आणि सगळ्या पानांनी उजेड घेतला होता. काका नुसते उभे. त्यांच्या आईच्या मोरीकडेला असंच असणार.

मागून विहीणबाईंचा आवाज आला. "आमच्या पुढच्या अंगणातलं ते पट्ट्यापट्ट्याचं झाड बोलण्यांच्या दिवशी कोणी मोडलं, ते मला आजपर्यंत कळलं नाय हो."

काकांचे कान लाल झाले.

विहीणबाईंनी आमच्याकडे बघितलंही नाही. "बसा तुमी," म्हणाल्या, "मी जरा पाय धुऊन येते." आणि आत गेल्या.

काका वाकले. हात पुढे गेला, पण नख पेरावर ठरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला दिसत नाय गं," म्हणाले. "तू घे."

"काका, मी? मी तर मारलं..."

"म्हणून तूच घे."

मी गुडघ्यावर बसले. एक फांदी निवडली. शेंडा सोडला, पेर शोधलं, नख टेकवलं. वाटलं, आता वडील छडी घेऊन येणार. टच् असा बारीकसा आवाज झाला. फांदी माझ्या हातात आली आणि मी हुंदका देऊन रडले. ती मी काकांच्या खिशात घातली आणि त्यांनी उजवा हात वर दाबून धरला.

विहीणबाई लगेचच बाहेर आल्या. निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांचे पाय बघितले. ठणठणीत कोरडे. दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या त्या.

आय लागली. पाऊस चांगला लागला तसं तिला चार नवी पानं आली. आणि मग एका दिवेलागणीला काका पाय धुऊन आले, त्यांनी आयकडे बघितलं, आणि असे खुदकन हसले की काकी बाहेर आल्या. एक फांदी गेलेली होती, पेराखाली, नीट खुडलेली. माझ्या खोलीच्या खिडकीत काचेच्या बाटलीत काय आहे ते बघायला कुणी आलं नाही.

आता मी पालघरला राहते, स्वतःच्या घरात. गॅलरी छोटी, पण पानांची. फुलं नाहीत. आय आहे, व्याही आहे. आणि एक जवळजवळ काळ्या पानांचं झाड आहे, त्याचं नाव 'साहेब'. ते कुठून आणलं हे नावावरून कळेलच. आमच्या साहेबांना अजून पत्ता नाही. गॅलरीतल्या दोन खुर्च्यांचे पाय मी कापून घेतलेत. सुतारानं तीन वेळा विचारून खात्री करून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकी पहिल्यांदा घर बघायला आले. काकांना बुटक्या खुर्चीत बसवलं. ऊन तिरपं झालं, पानांनी उजेड घेतला, आम्ही पाच मिनिटं बोललो नाही. मी हळूच बघत होते. काकांची नजर त्या काळ्या 'साहेबा'वरून हलत नव्हती. हे झाड त्यांच्याकडे नव्हतं. मागतील? छे! चांगल्या घरचा माणूस.

मी उठले आणि मोठ्यानं म्हटलं, "काका, बसा हां. मी जरा पाय धुऊन येते."

न्हाणीघरात जाऊन नळाला हात लावला नाही. कान देऊन उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, वय झालं, नाही जमायचं आता. आणि मग आला तो आवाज. टच्.

निघताना काका जिन्यावर थांबले. उजवा हात खिशावर दाबलेला. काकी मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"घर चांगलं हाय," काका म्हणाले. दोन पायऱ्या उतरले, परत वळले, माझ्या कोरड्या पायांकडे बघितलं आणि डोळे बारीक केले. "पाणी गोडं हाय ना गं?"